वाईच्या घाटांवरची छोटी वाट : प्रकल्प नोंदी

५ जानेवारी

कामाची व्याप्ती आज ठरली. वाईत पायी हिंडायची एक छोटी वाट आखायची, तिचा घडीचा नकाशा छापायचा आणि तीच वाट ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे कुणालाही भर घालता येणाऱ्या मोफत ऑनलाइन नकाशावर, नीट चढवायची. महाबळेश्वर-पाचगणीला निघालेली गाडी वाईत थांबते ती ढोल्या गणपतीपुरती. चपला काढल्या, दर्शन झालं, फोटो झाला, की लागलीच पसरणी घाट. या पाहुण्याला आणखी दीड तास गावात रमवायचं, एवढंच आपलं मागणं.

अंतराची मर्यादा दोन किलोमीटरच्या आत. आजी-आजोबांना नातवंडांचा हात धरून जमली पाहिजे, हा निकष सगळ्यांना पटला.

मेणवलीवरून मात्र बराच वेळ घासाघीस झाली. नाना फडणवीसांचा वाडा, चंद्रकोरीसारखा वळलेला घाट आणि मेणेश्वराशेजारची ती पोर्तुगीज घंटा हे सगळं सोडायचं म्हणजे जिवावर येतं. १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई घेतली तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांच्या हाती लागल्या, त्यांतली ही एक. कृष्णाकाठच्या शंकराच्या देवळापाशी मेरीचं चित्र कोरलेली घंटा टांगलेली बघून नवखा माणूस चक्रावतोच. पण मेणवली तीनएक किलोमीटरवर आहे आणि मधला रस्ता वाहनांचा. ती वेगळी सहल. नकाशाच्या मागच्या बाजूला चार ओळी दिल्या की झालं. धोमच्या नरसिंहालाही तोच न्याय.

१२ जानेवारी

सकाळी बाजारपेठेच्या बाजूने चालून पाहिलं. रस्त्याने गेलं की वाई इतर कुठल्याही तालुक्याच्या गावासारखीच दिसते. मोबाइलची दुकानं, कपड्यांची दुकानं, दुचाक्यांची दाटी. मग एका बोळातून खाली उतरलो, दहा-वीस पावलं गेलो असू, आणि एकदम समोर दगडी पायऱ्या, देवळाचं शिखर, पाणी.

गावाची सगळी रचना या उतरणीत आहे. आळ्या नदीकडे जातात आणि जिथे संपतात तिथे त्या आळीचा घाट. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आळी, भीमकुंड आळी. बाहेरच्याला हा सलग घाट वाटतो, पण गावातल्या माणसाला कुठे एकाचा संपला आणि दुसऱ्याचा सुरू झाला हे पक्कं ठाऊक असतं. विचारलं तर हाताने दाखवतात, "ती पायरी आहे ना, तिथपर्यंत आमचं."

म्हणजे आपली वाट रस्त्याला धरून आखली तर पाहुण्याला गावाची पाठ दिसणार. ठराव असा झाला की वाट पाण्याच्या कडेने न्यायची आणि रस्त्यावर फक्त नाइलाज असेल तिथेच चढायचं. गंगापुरीत सुरुवात, ब्राह्मणशाहीत शेवट. रामडोह आणि भीमकुंड या दोन आळ्या पायात जोर उरला असेल त्यांच्यासाठी तुटक रेघेने दाखवू.

एक शंका लगेच निघाली. पाण्याची कड जागेवर राहत नाही. उन्हाळ्यात ज्या पायरीवर बसून शेंगा खाता येतात ती पावसाळ्यात दिसतही नाही. याचं काय करायचं ते पाऊस लागल्यावर बघू, असं म्हणून विषय बाजूला ठेवला आहे, पण तो डोक्यात आहे.

१९ जानेवारी

आजचा वेळ सगळा ढोल्या गणपतीच्या मागे गेला. अक्षरशः मागे. पुढून सगळेच बघतात. मूर्ती एकाच दगडातली, सुमारे १० फूट उंच आणि ८ फूट रुंद. 'ढोल्या' का म्हणतात हे दारात उभं राहिलं की कळतं. पण देवळाची खरी करामत पाठीमागे आहे आणि तिकडे शंभरातला एखादाच जातो.

मागची भिंत सरळ नाही. दोन्ही बाजूंच्या भिंती निमुळत्या होत पुढे येतात आणि एका धारेवर मिळतात. लोक तिला मत्स्याकार म्हणतात. ही धार नदी ज्या अंगाने येते त्या अंगाला केलेली आहे. पुराचा लोंढा आला की धारेवर दुभंगतो आणि दोन्ही कुशींनी निघून जातो, भिंतीवर सपाट धडक बसत नाही. पुलाच्या खांबांची नाकं याच हिशेबाने काढतात. इथे तो हिशेब अख्ख्या देवळाला लावलेला आहे, तोही १७६२ साली.

धारेला हात लावून पाहिलं. काळा दगड, सांधे इतके घट्ट की नखही शिरत नाही. कंबरेइतक्या उंचीपर्यंत दगड गुळगुळीत झालाय, त्याच्या वर टाकीचे घाव अजून बोटाला लागतात. नदीने किती उंचीपर्यंत हात फिरवलाय ते असं बोटांना समजतं. इथे पाहुण्याला थांबवायचंच. नकाशात या जागेला स्वतंत्र आकडा द्यायचा, 'गणपती मंदिर' या आकड्यात तो बुडवायचा नाही. सगळ्या वाटेवरचा माझा सर्वांत लाडका थांबा हाच, आणि कुणी काढायला लागलं तर मी भांडणार आहे.

देऊळ बांधलं गणपतराव भिकाजी रास्ते यांनी. रास्ते घराणं म्हणजे पेशव्यांचे व्याही. भिकाजी रास्त्यांची मुलगी गोपिकाबाई ही नानासाहेब पेशव्यांची बायको, विश्वासराव आणि माधवराव यांची आई. पानिपत झालं १४ जानेवारी १७६१ ला, विश्वासराव तिथे पडले, जूनमध्ये नानासाहेब गेले. देवळाचं साल १७६२. म्हणजे एका मामाने हे देऊळ उभं केलं तेव्हा एक भाचा रणात गेलेला होता आणि दुसरा नुकताच पेशवा झालेला होता. साल तेवढं सांगायचं आणि पानिपताची आठवण करून द्यायची. त्यातून भावनेचा अर्थ काढत बसायचं नाही, त्याला आपल्याकडे आधार नाही.

२६ जानेवारी

काशी विश्वेश्वर. गणपतीच्या शेजारीच, पण भोवती भक्कम प्राकार असल्याने बाहेरून किल्ल्याची भिंत वाटते आणि गर्दी पुढे निघून जाते. आत शिरलं की आवाज एकदम कमी होतो. दीपमाळा, मंडप आणि नंदी. हे देऊळ आनंदराव भिकाजी रास्त्यांचं, १७५७ चं, म्हणजे गणपतीच्याही आधीचं.

नंदीवर नुसतं 'सुबक' लिहून चालणार नाही. गळ्यातली घुंगरमाळ, पाठीवरची झूल, झुलीची किनार हे सगळं वेगवेगळ्या खोलीवर कोरलंय आणि वर अशी झिलई दिलीय की सकाळच्या तिरप्या उजेडात दगड ओला वाटतो. दुपारी बाराला तोच नंदी निव्वळ काळा ठोकळा दिसतो. तेव्हा 'सकाळी नऊच्या आत किंवा चारनंतर' असं स्पष्ट छापायचं.

आनंदरावांचंच महालक्ष्मीचं देऊळ, १७७८ चं, पुढच्या टप्प्यात. तिथे पाच मिनिटं पुरेत.

९ फेब्रुवारी

माघ लागला आणि कृष्णाबाईच्या उत्सवांची तयारी सुरू झाली. आजची मोजणी त्यामुळे अर्धवट. ज्या पायऱ्यांवरून वाट नेलीय तिथेच मांडवाचे वासे रचलेले.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी टिपून ठेवतो. नदी ही इथे बाई आहे, तिची मूर्ती आहे, आणि प्रत्येक आळी आपापल्या पाळीने तिला वाजतगाजत घाटावर आणते, मांडवात बसवते. पूजा, कीर्तन, गाणं, पंगती. एका आळीचा उठला की दुसरीचा बसतो, असं चैत्रापर्यंत चालतं. परंपरा अशी सांगतात की अफझलखान चालून आला तेव्हा या नदीला नवस बोलला गेला आणि पुढे तो उत्सव होऊन राहिला. खान हा मुळात वाईचाच सुभेदार. १६४९ पासून हा सुभा त्याच्याकडे होता आणि १६५९ च्या स्वारीत त्याची छावणी वाईतच पडली होती. १० नोव्हेंबरला प्रतापगडाखाली जे झालं ते झालं. प्रतापगडाची गोष्ट सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे, पण ती फौज इतके दिवस कुणाच्या दारात तळ देऊन होती हे कुणी विचारत नाही. ते दार वाईचं.

मांडवात फुलं निवडत बसलेल्या एका आजींना आमचा नकाशा दाखवला. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिला आणि म्हणाल्या, "बाळ, उत्सवात ही तुमची वाट कुठून जाणार? आमच्या पंगतीतून?" आम्ही म्हटलं, "आजी, वरच्या बोळातून वळवू." त्यावर त्या म्हणाल्या, "वळवू नका. येऊ द्या त्यांना. फक्त चपला हातात घेऊन या म्हणावं."

नकाशात उत्सवाच्या काळासाठी वळणवाट दाखवायची असं आधी ठरत होतं. ते रद्द. त्याऐवजी एक ओळ : 'घाटावर मांडव असेल तर चपला काढून, कडेने.' आजींचं वाक्य आमच्या कुठल्याही सूचनेपेक्षा नेटकं आहे.

१६ फेब्रुवारी

संकष्टी. गणपती घाटावर पाय ठेवायला जागा नाही. मोजणी नाही, फोटो नाहीत. नकाशावर नोंद : संकष्टी आणि अंगारकीला ही वाट उलट्या टोकाने सुरू करा, गणपती संध्याकाळी घ्या.

२ मार्च

गंगापुरी. सुरुवातीचा थांबा इथे का, असं मला दोघांनी विचारलं, कारण इथे मोठं शिखर नाही की फोटोची जागा नाही. पण प्राज्ञपाठशाळा इथे आहे आणि मराठी विश्वकोशाचं कार्यालयही इथेच. राज्याचा ज्ञानकोश मुंबई-पुण्यात न होता एका तालुक्याच्या गावात का झाला, याचं उत्तर याच आळीत मिळतं.

पाठशाळा केवलानंद सरस्वतींची. पूर्वाश्रमीचे नारायणशास्त्री मराठे. तरुण विनोबा गांधींच्या आश्रमातून रजा घेऊन इथे शिकायला येऊन राहिले होते. याच पाठशाळेत लक्ष्मणशास्त्री जोशी घडले, तर्कतीर्थ झाले, आणि विश्वकोशाचे प्रमुख संपादक म्हणून त्यांनी सगळं काम वाईतूनच चालवलं. पहिला खंड १९७६ चा, पुढे ते वीस झाले. घाटावर संध्या करणाऱ्या गावात अणुशक्तीपासून अस्थिरोगापर्यंतच्या नोंदी लिहिल्या-तपासल्या जात होत्या, हे चित्र मला तरी कुठल्याही शिखराइतकं मोठं वाटतं.

मजकुरावरून खटका उडाला. एकाचं म्हणणं, वाटेवर फक्त 'बघण्याजोगं' असावं, माणसांच्या हकिगती नकोत. माझं म्हणणं वेगळं. आळ्यांची नावं वाचा, ब्राह्मणशाही हे नाव वाचा. कोण कुठल्या घाटावर उतरत होता आणि कोणाला उतरता येत नव्हतं, हा प्रश्न दगडांपासून वेगळा काढता येत नाही. आणि त्याच गावातला एक शास्त्री, हेच लक्ष्मणशास्त्री, १९३२ साली येरवड्याच्या तुरुंगात गांधींना भेटून अस्पृश्यतेला धर्मशास्त्राचा आधार नाही हे लोकांना पटवून देण्याच्या कामाला लागला. हे तीन ओळींत मावतं आणि पाहुण्याने वाचलंच पाहिजे. शेवटी तीन ओळी मंजूर झाल्या. चौथी मी मागितली नाही.

विश्वकोशाच्या कार्यालयात पर्यटक शिरायला नकोत, तिथे कामं चालतात. थांबा बाहेरूनच.

१६ मार्च

मजकुराचा नियम ठरला. जे साल-नावानिशी माहीत आहे ते सरळ विधान. जे गाव सांगतं ते 'सांगतात'. दोन्हींची भेसळ नाही.

नियमाची पहिली परीक्षा विराटनगरीची. वाई म्हणजे महाभारतातली विराटनगरी, पांडव अज्ञातवासात इथे राहिले, वर पांडवगड आहे, खाली भीमकुंड आहे. गावातला प्रत्येक माणूस हे सांगतो. 'सांगतात' मध्ये टाकलं आणि पांडवगड वाटेवर कुठून दिसतो तेवढं दाखवलं. गोष्ट ऐकणाऱ्याला डोंगर दिसला की पुरतं.

६ एप्रिल

पहिली चाचणी. बरोबर काही ज्येष्ठ मंडळी आणि त्यांची नातवंडं. ऊन आठ वाजताच चटका देत होतं.

जे कळलं ते असं. उतरताना कुणाची तक्रार नाही, चढताना गुडघे बोलतात. घाटाच्या पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत, खालच्या ठेंगण्या आणि वरच्या काही चांगल्या हातभर. म्हणून प्रत्येक घाटावरून वर येण्याचा सगळ्यात सोपा जिना कुठला ते नकाशात बाणाने दाखवायचं. सावलीच्या जागा हिरव्या ठिपक्याने. प्यायचं पाणी आणि स्वच्छतागृह कुठे आहे याला मंदिरांइतकंच महत्त्व द्यायचं. एका काकांनी बजावलं, "अहो, साल नाही लिहिलंत तरी चालेल, मुतारी लिहा." लिहू.

दुसरी गोष्ट मोलाची. छोट्या पुलावरून पलीकडच्या काठाला गेलो आणि सगळे आपोआप वळून उभे राहिले. घाट घाटावर उभं राहून दिसत नाही. पायऱ्यांची रांग, तिच्यावर विश्वेश्वराचा प्राकार, गणपतीचं उंच शिखर आणि मागची ती निमुळती धार, हे सगळं एका नजरेत फक्त पलीकडून येतं. नातवंडांपैकी एकीने तिथे धार आपली आपण ओळखली आणि "ती बघा नाक!" म्हणून ओरडली. पलीकडचा काठ आतापर्यंत ऐच्छिक होता. आता तो वाटेचा भाग. एकूण अंतर तरीही दोन किलोमीटरच्या आत बसतं.

त्याच पायऱ्यांवर एकीकडे धुणं चालू होतं, एकीकडे पोरं उड्या मारत होती, आणि थोडं बाजूला दहाव्याचे विधी. पाहुण्यांसाठी सूचना : विधी चालू असतील तिथे कॅमेरा खाली. याला कुणी हरकत घेतली नाही.

२७ एप्रिल

नकाशाचं काम. बोळ अरुंद आणि दोन्हीकडे उंच घरं, त्यामुळे मोबाइलची जागेची रेघ भलतीकडे उडते. एका फेरीत आम्ही नदीच्या मधून चालत गेल्याचं तिने दाखवलं. तेव्हा बोळ उपग्रहचित्रावरून काढले आणि पायऱ्यांची तोंडं टेपने मोजून बसवली. प्रत्येक जिन्याला पायऱ्यांचा टॅग आणि चढाची दिशा दिली. पायऱ्यांचा टॅग दिला नाही तर चाकाच्या खुर्चीसाठी वाट शोधणाऱ्याला ॲप सरळ घाटावर नेऊन सोडतं. घाटांची नावं गावात म्हणतात तशीच, देवनागरीत.

चाकाच्या खुर्चीला पाण्यापर्यंत जाता येत नाही, हे नकाशात लपवलेलं नाही. वरच्या रस्त्यावरून कुठल्या जागी नदी दिसते त्या जागा वेगळ्या खुणेने दिल्या आहेत.

२४ जुलै

बाजूला ठेवलेला विषय दारात आला. वरच्या खोऱ्यात चार दिवस झड लागलीय आणि धोममधून पाणी सोडलंय. धरण १३.५ टीएमसीचं आणि वाईच्या डोक्यावर थोड्याच अंतरावर, त्यामुळे तिकडे दारं उचलली की इकडे फार वेळ हातात राहत नाही. छोटा पूल पाण्याखाली. खालच्या घाटपायऱ्या गडप. आपण मोठ्या प्रेमाने आखलेल्या वाटेचा बराचसा भाग आज कृष्णेत आहे.

गणपतीच्या मागे, सुरक्षित अंतरावर उभं राहून पाहिलं. गढूळ पाणी धारेवर आपटत होतं, फेसाची एक बारीक उभी कड तयार होत होती, आणि तिथून पाणी खरोखरच दोन फाटे होऊन जात होतं. पुराच्या पाण्यातली एक फांदी धारेला अडली, क्षणभर थरथरली आणि डाव्या अंगाला निसटली. याहून मोठा पूर आला की पाणी गाभाऱ्यापर्यंत जातं, हे गावाने पाहिलेलं आहे. भिंत पाण्याला थांबवायला नाहीच, वाट द्यायला आहे.

शेजारी उभ्या असलेल्या दुकानदाराने विचारलं, "मग दादा, आता तुमचा नकाशा बदलणार का?"

बदलायचा. दोन पर्याय समोर होते. एक, नकाशावर 'पावसाळ्यात बंद' असा शिक्का मारायचा. दुसरा, पावसाळी वाट वेगळी द्यायची. पहिला सोपा आहे, पण पावसाळ्यात पाचगणीला जाणारी गर्दी कमी होत नाही, उलट वाढते, आणि नदी सगळ्यात जास्त बघण्यासारखी असते तेव्हाच आपण माणसाला घरी बसा म्हणणार. दुसरा पर्याय धरला. पावसाळी वाट वरच्या अंगाने आळ्याआळ्यांतून जाईल आणि प्रत्येक आळीच्या तोंडाशी पाहुणा थांबून खाली पाणी बघेल. छोट्या पुलाच्या जागी पलीकडे जायला मोठा पूल. 'प्रशासनाने दोर किंवा बॅरिकेड लावलं असेल तिथून पुढे पाऊलही नाही' ही ओळ ठळक, चौकटीत.

१० ऑगस्ट

छपाईची अंतिम प्रत. ए-चार आकार, तीन घड्या, दोन्ही बाजू. टंक मोठा, कारण चाचणीत निम्म्या मंडळींनी कागद हात लांब करून वाचला होता. मेणवली आणि धोम मागच्या बाजूला, चार-चार ओळी. पोर्तुगीज घंटेचं छोटं रेखाचित्र मागाहून घातलं, मला राहवलं नाही.

गुरू कन्या राशीत आला की कृष्णाकाठी कन्यागत भरतं, मागचं २०१६ साली झालं. तेव्हाची गर्दी या वाटेला पेलणार नाही. पुढच्या वेळी वेगळा नकाशा लागेल, हे आत्ताच लिहून ठेवतो.

रंगांवरून शेवटची बैठक. पावसाळी वाट निळ्या रंगात दाखवावी असं छापखान्याने सुचवलं होतं. पण नदी निळी, घाटाची कड निळी, आणि त्यात निळी वाट म्हणजे भर पावसात माणूस नेमका पाण्याकडे चालत जायचा. पावसाळी वाट तांबडी, उन्हाळी काळी. पहिल्या प्रती गणपती आळीतल्या दुकानांत ठेवायच्या, फुकट. शनिवारी वाटप.